विलायती युद्धचित्रकथा

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत ‘गम्’ धातूचीं रूपें चाललीं असतां मागील बांकावरील एक विद्यार्थी शब्दरूपावलीच्या आड एक लहानसें पुस्तक धरून वाचीत आहे, असें आमच्या दृष्टीस पडलें. शिक्षकाच्या धर्मास अनुसरून आम्हीं तें जप्त केलें. ‘कमांडो’ नांवाच्या विलायती मालिकेंतील तो एक अंक होता. असल्या पुस्तकांनीं मुलांची अभिरुचि बिघडते, या विषयावर आम्ही त्या दिवशीं दहा मिनिटें बोललोंही. हल्लीं नातवंडांच्या निमित्तानें हीं पुस्तकें आमच्या पुष्कळ वाचनांत आलीं. म्हणून त्यांचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

या प्रकारास खरा जोर चढला तो १९५८ च्या सप्टेंबरांत ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ ही मालिका निघाली तेव्हां. खिशांत मावेल असा आकार, ६४ पानें, आणि एका अंकांत एक संपूर्ण कथा. १९६१ च्या जुलैंत डंडी येथील डी. सी. थॉमसन या प्रकाशकांनीं ‘कमांडो’ काढलें. पहिली मालिका १९८४ सालीं बंद पडली. ‘कमांडो’ मात्र अद्यापि चालू असून २०१७ सालीं त्याचा ५००० वा अंक निघाला.

महायुद्ध संपलें १९४५ सालीं. पुढील दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडांतील जीं मुलें वाचनाच्या वयास आलीं, त्यांच्या घरोघरीं बाप, काका किंवा मामा लढून आलेले होते. परंतु लढून आलेला मनुष्य घरांत त्याविषयीं बहुधा बोलत नाहीं. बापानें जें सांगितलें नाहीं तें हीं पुस्तकें सांगूं लागलीं, आणि त्यांच्या लेखकांपैकीं कित्येक स्वतः सैन्यांत राहिलेले होते. चित्रकार मात्र पुष्कळसे इटालियन व स्पॅनिश! पुढें जगप्रसिद्ध झालेला इटलीचा ह्यूगो प्रॅट हाही त्यांत होता. ज्या देशाशीं इंग्रज १९४३ पर्यंत लढले, त्याच देशाच्या कलावंतांनीं इंग्रज वीरांच्या मुद्रा रेखाटाव्या, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

कथानकें ठराविक असतात. एखादा शिपाई पहिल्या चकमकींत कच खातो व शेवटीं तोच सर्वांचे प्राण वाचवितो. दोघे हाडवैरी एकाच खंदकांत सांपडतात. पण विमान, रणगाडा, बंदूक यांचें चित्रण इतकें तंतोतंत, कीं मुलगा तें पाठ करतो. ‘आख्तुंग!’ हा जर्मन शब्द आमच्या नातवानें व्याकरणावांचून आत्मसात केला आहे. आमचीं संस्कृत रूपें त्यास इतक्या लवकर येत नाहींत. दोष विचाराल तर, जुन्या अंकांत जपानी शिपाई बहुधा केवळ क्रूर दाखविलेला असतो, आणि मरण फार सोपें वाटतें. मनुष्य एक आरोळी ठोकतो व चौकटीबाहेर जातो.

हा दोष एका कथेनें धुऊन काढला. ‘बॅटल’ या साप्ताहिकांत १९७९ च्या जानेवारीपासून ‘चार्लीज वॉर’ ही चित्रमाला येऊं लागली. लेखक पॅट मिल्स, चित्रकार जो कोल्हून. चार्ली बोर्न हा सोळा वर्षांचा गरीब पोर वय खोटें सांगून १९१६ सालीं भरती होतो आणि सोमच्या रणभूमीवर पोंचतो. त्या लढाईच्या पहिल्याच दिवशीं, १ जुलै रोजीं, ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक मेले. चार्ली घरीं पत्रें लिहितो, तीं अशुद्ध लेखनानें भरलेलीं. पत्रांत सर्व क्षेम, आणि शेजारच्या चित्रांत चिखल, उंदीर व प्रेतें. त्याच्या मित्राचें तोफगोळ्यानें जें कांहीं उरतें, तें तो गोणत्यांत भरून नेतो. इतर मालिका हें जर द्रोणपर्व, तर हें स्त्रीपर्व होय. मुलांच्या दोन आण्यांच्या वाचनांत हें कोणीं छापलें, याचें आम्हांस अजून आश्चर्य वाटतें.

आतां त्या जप्तीविषयीं. मधल्या सुटींत तो विद्यार्थी आमच्याकडे येऊन म्हणाला होता, “सर, माझे आजोबा मराठा पलटणींतून इटलींत गेले होते. त्यांच्यासारखं कोणी त्यांत दिसतं का, तें बघत होतों.” आम्हांस ती सबब वाटली. पुस्तक परत दिलें नाहीं.

गेल्या महिन्यांत कपाट आवरतांना तें सांपडलें. कथा इटलीचीच होती. प्रत्येक चित्र भिंगाखालीं घेऊन पाहिलें. एकही हिंदी चेहरा त्यांत नाहीं. वास्तविक १० जुलै १९४४ रोजीं त्याच इटलींत, टायबर नदीच्या खोऱ्यांत, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीचे बाकीचे सर्व गडी पडले असतां ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धांवून गेले. गोळ्या संपल्यावर उरलेल्या दोघांस त्यांनीं बंदुकीच्या तडाख्यांनीं मारलें आणि मग स्वतः शत्रूच्या गोळीस बळी पडले. मरणोत्तर त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चौसष्ट पानें सहज भरतील असा हा प्रसंग त्या दिवशीं वर्गांत सांगावयास आम्हांस पांच मिनिटें पुरलीं असतीं.

तो विद्यार्थी आतां पन्नाशीला आला असेल. पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनें त्याचें नांव, इयत्ता आणि हजेरीक्रमांक लिहिलेला आहे.