काळा टी-शर्ट आणि घाबरलेली माणसं

गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन. सकाळी म्हणजे साडेदहाला, माझा चहा अजून व्हायचा होता. एरवी ताई आधी पाच मिनिटं पाऊसपाणी, गुडघेदुखी वगैरे घेते. या वेळी थेट मुद्द्यालाच हात घातला.

"तू भाच्याशी बोल बाबा तुझ्या. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही तो."

"काय केलं त्याने?"

"अरे, सगळं काळं! शर्ट काळा, पँट काळी, परवा नखंसुद्धा काळी करून आला. रात्र रात्र ते भुताखेतांसारखं काहीतरी ऐकत बसतो. एक शब्द कळेल तर शपथ. रशियन आहे म्हणे. ह्यांनी काल हेडफोन काढून घेतले आणि कपाटात कुलूप लावून ठेवलेत. त्या गाण्यांमुळेच होतंय हे सगळं."

"सगळं म्हणजे काय?"

इथे ताई जरा थांबली. मग एकेक बाहेर यायला लागलं. पोरगं धड जेवत नाही. अकरावीला तो मोठ्ठा क्लास लावल्यापासून घरात बोलणं बंद. क्लासमध्ये दर महिन्याच्या टेस्टनंतर मार्कांप्रमाणे बॅच बदलतात. हा दोनदा खाली घसरून शेवटच्या बॅचला गेलाय आणि शाळेपासूनचे दोन्ही मित्र वरच्या बॅचला. यादी दाराबाहेर लावतात, सगळ्यांना दिसेल अशी.

"मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं? सगळ्यांचंच असतं ते."

बघा. सोळा वर्षांच्या पोराची दर महिन्याला जाहीर प्रतवारी करायची, हे "सगळ्यांचंच असतं". आणि तो कानात काय घालतो, तो मात्र प्रॉब्लेम. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मी पोटासाठी कोड पाडतो. आमच्याकडे सर्व्हर रात्री तीन वाजता आडवा झाला तर लॉग फाईल उघडून बघायची असते. लॉगमध्ये फार एरर दिसतायत म्हणून कुणी ती फाईलच डिलीट केली, तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. भावोजींनी हेडफोन कुलपात घालून नेमकं तेच केलंय. आणि ते एकटे नाहीत. गेली चाळीस वर्षं जगभरातली शहाणी माणसं हेच करत आली आहेत, आणि त्याची किंमत इतरांनी मोजली आहे. चहा घेत घेत ताईला हे सांगायचा प्रयत्न केला, पण तिला कुकर लावायचा होता. म्हणून इथे लिहितोय.

१९८५ सालची गोष्ट. अमेरिकेत नेवाडा राज्यात दोन तरुणांनी बंदुकीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. एक जागीच गेला, दुसरा तीन वर्षांनी. घरच्यांनी दावा लावला तो ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडवर. म्हणणं असं की १९७८च्या एका अल्बममधल्या गाण्यात आत्महत्येचा छुपा आदेश दडवलाय. १९९० साली रीनो शहरात खटला उभा राहिला. गंमत म्हणजे ते गाणं मुळात त्यांचं नव्हतंच, दुसऱ्याच बँडचं होतं, यांनी फक्त परत गायलं होतं. गायक रॉब हॅलफर्डने तर टेप उलटी वाजवली की कसलीही वाक्यं "ऐकू" येऊ शकतात याचा नमुनाच कोर्टात पेश केला. न्यायाधीशांनी निकाल बँडच्या बाजूने दिला. तो कथित आदेश म्हणजे आवाजांचा योगायोग ठरला. त्या दोघांच्या घरची परिस्थिती, दारू, ड्रग्ज हे सगळं त्याच सुनावणीत पुढे आलं होतं. पण लक्षात काय राहिलं लोकांच्या? उलटी टेप.

ही गोष्ट निदान कोर्टात सुटली. पुढची सुटायला अठरा वर्षं लागली. १९९३ साली आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिसमध्ये आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. भयानक प्रकार. पोलिसांनी तीन टीनएजर पोरांना उचललं. त्यातला डेमियन एकल्स काळे कपडे घालायचा, मेटॅलिका ऐकायचा, जादूटोण्याची पुस्तकं वाचायचा. हे सगळं सैतानपूजेचा पुरावा म्हणून ज्युरीपुढे मांडलं गेलं! १९९४ साली त्याला फाशीची शिक्षा झाली, बाकी दोघांना जन्मठेप. पुढे डीएनए तपासण्यांत या तिघांशी जुळणारं काही सापडलं नाही आणि २०११च्या ऑगस्टमध्ये ते सुटले. तेही निर्दोष म्हणून नाही, सरकारशी कायदेशीर तडजोड करून. काळा टी-शर्ट घालतो म्हणून एक माणूस तब्बल अठरा वर्षं फाशीच्या छायेत बसला होता, आणि त्या तीन लहान मुलांना न्याय मिळाला तो नाहीच.

तिसरी गोष्ट ताईला सांगितली नाही, धीर झाला नाही. २००७ सालचा ऑगस्ट, इंग्लंडमधलं बेकप नावाचं छोटं गाव. सोफी लँकेस्टर, वय वीस. ती आणि तिचा मित्र दोघं गॉथ. बागेत पोरांच्या टोळक्याने आधी त्याला मारलं. तो पडल्यावर ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन वाचवायला बसली, तर तिला मारलं. दोन आठवड्यांत ती गेली. भांडण नाही, चोरी नाही. हे दोघं वेगळे दिसत होते, एवढंच. २०१३ साली मँचेस्टर परिसरातले पोलीस गॉथ, मेटल वगैरे लोकांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला लागले, ते या प्रकरणानंतर.

आता मला सांगा, या तिन्ही गोष्टींत धोकादायक कोण होतं?

तुम्ही म्हणाल, एवढा उड्या मारतोयस, पण शास्त्र काय म्हणतं? बरोबर. माझ्या विरुद्ध जाणारा पुरावा मीच देतो, नाहीतर कुणीतरी देईलच. २०१५ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये ब्रिस्टल परिसरातल्या साडेतीन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास आला. पंधराव्या वर्षी स्वतःला पक्के गॉथ म्हणवणाऱ्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी डिप्रेशनचं प्रमाण बाकीच्यांच्या तिप्पट निघालं. झालं! हा आकडा फॅमिली ग्रुपवर पडला तर माझी सुट्टी.

पण त्याच संशोधकांनी स्पष्ट म्हटलंय की यावरून गॉथ होण्यामुळे डिप्रेशन येतं असं सिद्ध होत नाही. आधीच एकटी पडलेली, टोचणी खाल्लेली मुलं या गटाकडे ओढली जात असतील, कारण तिथे त्यांना कुणीतरी आत घेतं. छत्री घेतलेले लोक दिसले म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असं आपण म्हणत नाही ना? आणि समजा मुलगा खरंच त्या तिपटीत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसायचं की त्याची छत्री हिसकावून कपाटात ठेवायची? त्याच साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने अतितीव्र मेटल ऐकणाऱ्या ३९ जणांना आधी मुद्दाम संताप आणला आणि मग त्यांना त्यांचीच गाणी ऐकू दिली. राग भडकला नाही. माणसं सावरली. ३९ म्हणजे फार नाहीत, मान्य. पण 'उलट्या टेप'पेक्षा बरे.

आणि हे संगीत आकाशातून किंवा नरकातून पडलेलं नाही. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांचा एक पोरगा काम करत होता, टोनी आयोमी. नोकरीचा शेवटचा दिवस. मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हाच हात. डॉक्टरांच्या मते गिटार संपली. याने साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीचे तुकडे वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. नंतर तारा सैल सोडल्या, सूर खाली आणला. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मधल्या काही गाण्यांत तर तीन अर्धस्वर खाली. आज जगातला प्रत्येक मेटल बँड ज्या जडशीळ आवाजामागे धावतो, त्याच्या मुळाशी एका कामगाराचा हा जुगाड आहे. याला सैतान म्हणायचं?

गॉथचं घराणं वेगळं, ते पंकच्या राखेतून आलं. नॉर्थहॅम्प्टनच्या बाऊहाऊसचं 'बेला लुगोसीज डेड' १९७९चं, नऊ मिनिटांहून मोठं, आणि त्यातली पहिली दोन-तीन मिनिटं कुणी गातच नाही. लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सीकडे ड्रमर म्हणून चक्क ड्रम मशीन, त्याला नाव 'डॉक्टर अ‍ॅव्हलांच'. (सुट्टी मागत नाही, अप्रेझलला भांडत नाही. :) ) पुढे १९९१ला तिथूनच जवळच्या हॅलिफॅक्सच्या पॅरडाईज लॉस्टने 'गॉथिक' काढला आणि दोन्ही नद्या एकमेकींना मिळाल्या.

आपल्याकडे तर याचं एवढं नवल वाटायला नको. भरतमुनींनी आठ रस मोजले, त्यात करुण, रौद्र, भयानक आणि बीभत्स हे चार आहेत. निम्मे! मुंबईच्या एका मेटल बँडचं नावच 'भयानक मौत' आहे, त्यांनी निदान दोन रसांची सोय केली. पण आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी 'पॉझिटिव्हिटी'चं सेशन असतं. भरतमुनी तिथे गेले तर त्यांना एचआर बाजूला घेऊन समजावतील.

काळी बाजू नाहीच असं म्हणत नाही. १९९२-९३च्या सुमारास नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलवाल्यांनी चर्चेस जाळली, एका बँडवाल्याने दुसऱ्याचा खून केला. त्या कोपऱ्यात नाझीप्रेमी आजही सापडतात. त्यांचं समर्थन मी करणार नाही आणि त्यांचे टी-शर्टही घेणार नाही. पण ते गुन्हे होते, गुन्हेगारांना नावं होती, त्यांना शिक्षा झाल्या. त्याचं बिल एका अकरावीच्या पोराच्या नावे फाडू नका.

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. २०२५च्या ५ जुलैला ऑझी ऑस्बॉर्न बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर सिंहासनात बसून शेवटचं गायला, आणि त्या कार्यक्रमाचा पैसा लहान मुलांच्या हॉस्पिटलसारख्या कामांना गेला. २२ जुलैला तो वारला. आमच्या फॅमिली ग्रुपवर "लेजंड" म्हणून मेणबत्त्या पडल्या. कुणी टाकल्या? भावोजींनी! म्हणजे माणूस शहात्तर वर्षांचा होऊन मेला की लेजंड, आणि जिवंत गाणं घरात वाजलं की कुलूप.

पण थांबा. भावोजींना एवढं झोडपलं, आता माझी पाळी.

१७ मार्च २००७ला आयर्न मेडन बंगलोरला आले तेव्हा मी रात्रीच्या बसने पुण्याहून गेलो होतो. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो, तुम्हीही ऐकली असेल. मागच्या दिवाळीत भाच्याने मला आपण होऊन एक गाणं ऐकवलं. स्लीप टोकन, मुखवटे घालून गातात ते. एक इअरफोन त्याने स्वतः माझ्या हातात दिला. मी अर्धं मिनिट ऐकलं आणि म्हणालो, "हे मेटल नाही रे, हे मास्क लावलेलं पॉप आहे." मग त्याला १९८६ सालावर व्याख्यान दिलं. 'मास्टर ऑफ पपेट्स', 'रेन इन ब्लड', त्यानंतर सगळं कसं संपलं, इत्यादी. पोरगं "हो मामा" म्हणालं आणि फोन खिशात टाकला. त्यानंतर त्याने मला एकही गाणं पाठवलेलं नाही. हे माझ्या लक्षात आलं कधी, तर परवा, ताईचा फोन ठेवल्यावर.

ही आम्हा जुन्या मेटलवाल्यांची खास खोड. आम्हाला बाहेरच्यांनी सैतान म्हटलं की आम्ही दुखावतो, आणि आत येऊ पाहणाऱ्या पोराला दारातच प्रश्नपत्रिका देतो. टी-शर्ट घातलायस? सांग पाच गाणी. गॉथ? म्हणजे मेकअपवाले. हीदेखील बॅचच आहे, वरची आणि खालची. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७०ला आला तेव्हा जाणत्या समीक्षकांनीही तो असाच उडवून लावला होता. आणि संपलं तर काहीच नाहीये. द क्युअरने सोळा वर्षांनी, २०२४ला, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' काढला. पासष्ट वर्षांचा रॉबर्ट स्मिथ त्यात गेलेल्या भावाबद्दल गातो. मी तो गाडीत ऐकला आणि हिंजवडीच्या सिग्नलला मागच्याने तीनदा हॉर्न मारेपर्यंत गाडी पुढे घेतली नाही. इंडोनेशियात हिजाब घातलेल्या तीन मुलींचा व्हॉइस ऑफ बाचेप्रोत आहे, २०२४ला ग्लास्टनबरीला वाजवून आल्या. आणि मी १९८६ला कुलूप लावून बसलोय. कपाट वेगळं, एवढंच.

असो. दुपारी भाच्याला फोन केला. पहिली पाच मिनिटं "हो", "नाही", "माहीत नाही". क्लासबद्दल विचारलं तर गप्प. मग म्हणालो, ते रशियन काय ऐकतोस तू?

"रशियन नाही मामा. बेलारूस. मिन्स्कचे आहेत. मोल्चात दोमा."

"म्हणजे काय?"

"घरं गप्प आहेत, असं काहीतरी."

मी म्हटलं, लाव. हेडफोन नव्हते, म्हणून त्याने दुसऱ्या फोनच्या स्पीकरवर लावलं आणि हा फोन शेजारी धरला. खरखरीत, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. ड्रम मशीन. डॉक्टर अ‍ॅव्हलांचचा नातूच. एक शब्द कळला नाही. मी या वेळी पूर्ण ऐकलं, आणि मध्ये बोललो नाही. गाणं संपल्यावर तो आपणच म्हणाला, "यादी उद्या लागणार आहे."

शनिवारी ताईकडे जातोय. क्लासबद्दल तिच्याशी बोलायचं आहे, आणि भावोजींशीही. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते.