अनंत काळाचा वायदा

'धीर धरा, आज ना उद्या होईलच,' असे आम्हाला नेहमी सांगितले जाते. सब्र का फल मीठा, हेही आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. हल्ली या उपदेशाला गणिताचा टेकू दिला जातो. म्हणे, काळ अनंत आहे. ज्या गोष्टीची तिळभरही शक्यता आहे, ती अनंत काळात घडणारच! आमचे भांडण गणिताशी नाही, गणिताच्या नावाने दिल्या जाणाऱ्या या वायद्याशी आहे.

या मंडळींचा आवडता दाखला माकडांचा. माकडे टाइपरायटर बडवत राहिली, तर कधीतरी शेक्सपिअरची सगळी नाटके टाइप होतील, असे ते सांगतात. पण १९१३ साली हा दाखला देणारे फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांना उलटेच सांगायचे होते. इतकी क्षुल्लक शक्यता व्यवहारात अशक्यच समजावी, हा त्यांचा मुद्दा होता. इंग्लंडमधील पेंटन प्राणिसंग्रहालयात २००२ साली सहा माकडांपुढे संगणक ठेवला गेला. महिनाभरात पाच पाने निघाली, तीही बहुतेक 'एस' या एकाच अक्षराने भरलेली! २०२४ साली ऑस्ट्रेलियातील दोन गणितज्ञांनी हिशेब मांडला, की दोन लाख चिंपांझी विश्वाच्या अंतापर्यंत टाइप करीत बसले, तरी शेक्सपिअर हाती येण्याची आशा नाही.

शिवाय या सिद्धांताला अट आहे. प्रत्येक खेपेला संधी तेवढीच राहिली पाहिजे. ती दर खेपेला निम्मी होत गेली तर? पहिल्यांदा चारात एक, मग आठात एक, मग सोळात एक. अशा वेळी अनंत काळ थांबूनही ती गोष्ट कधीच न घडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक उरते. ज्यांची संधी दरवर्षी आटत जाते, त्यांना अनंत काळसुद्धा पुरत नाही.

'पण खेळ तर सर्वांना सारखा आहे ना?' असे विचारले जाते. ठीक आहे, नाणे खरे आहे असे मानू. आमच्या खिशात १० रुपये, समोरच्याकडे ९९०. दर डावाला एक रुपया. कोणीतरी कफल्लक होईपर्यंत खेळायचे. आमचे दिवाळे निघण्याची शक्यता ९९ टक्के! समोरच्याचा खिसा अथांग असेल तर आमचे दिवाळे निश्चितच. नाण्यात खोट नाही, खिशांत तफावत आहे. अशा डावात 'खेळत राहा' हा सल्ला कोणाच्या फायद्याचा?

अनंत काळ विश्वाला असेल किंवा नसेल, माणसाला तो नाही. हक्काचा दाखला, दवाखान्यातील खाट, कोर्टातील निकाल या गोष्टी हयातीतच मिळाव्या लागतात. नंतर मिळाल्या तर बैल गेला नि झोपा केला! म्हणून 'कधीतरी' म्हणणाऱ्यांना आमचा एकच सवाल आहे: तारीख कोणती?