उठा, शर्यत अर्धी टाकू नका!

आष्टीच्या तरुणांनो, परतूर तालुक्यातल्या आणि अवघ्या जालना जिल्ह्यातल्या मंडळींतल्या बंधू-भगिनींनो,

सुरुवात करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे अंधारात रस्त्यावर पोरं-पोरी पळू लागतात. मुलांची १६०० मीटरची तयारी, मुलींची ८०० मीटरची, सोबत गोळाफेक. महिनाभराने त्याच रस्त्यावर किती जण उरतात, ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. आयटीआयचा ट्रेड अर्ध्यावर सुटतो. बचत गट चार हप्ते भरून थंडावतो. मंडळीतही तेच चालतं. उपवासकाळात धरलेला वचन वाचण्याचा नेम ईस्टर उलटला की मोडतो. नाताळच्या उपासनेत उभं राहून दारू सोडल्याची साक्ष देणारा भाऊ उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जुन्या वाटेला लागतो. आपण आरंभशूर झालो आहोत. हे एकमेकांना तोंडावर सांगायची वेळ आली आहे, कारण अर्धवट सोडलेलं प्रत्येक काम पुढच्या कामातला आपला विश्वास कुरतडत जातं.

पौलाने करिंथच्या मंडळीला हाच विषय समजावताना थेट मैदानाकडे बोट दाखवलं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, तेही पोसायडन या ग्रीक देवाच्या नावाने. विजेत्याला मिळायचा पानांचा मुकुट, चार दिवसांत सुकणारा. तेवढ्यासाठी ते धावपटू खाणं-पिणं, झोप, शरीर सगळं शिस्तीत ठेवत. पौलाने त्यांच्याकडून धडा घ्यायला संकोच केला नाही. मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी धावणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी तो का करावा?

असाच एक धावपटू आपल्या शेजारी घडला. आपल्या आष्टीच्याच नावाचा एक तालुका शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. तिथल्या मांडवा गावचा अविनाश साबळे. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात त्याने नोकरी केली. धावण्याच्या स्पर्धेत तो उतरला त्यानंतर. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. तीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. हे अडथळे कसे असतात, ते नीट पाहा. साध्या हर्डल शर्यतीतला अडथळा पाय लागला की आडवा पडतो. स्टीपलचेसमधला अडथळा म्हणजे जाडजूड तुळई. ती हलत नाही. तिला धडकलं तर गुडघा फुटतो. ती ओलांडायची, नाहीतर तिच्यावर पाय रोवून पलीकडे झेप घ्यायची. आपल्या आयुष्यातले अडथळेही असेच असतात. पावसाने दिलेला दगा, डोक्यावरचं कर्ज, घरातलं आजारपण आपण चिडलो म्हणून बाजूला होत नाहीत. त्यांच्यावरच पाय रोवून पुढे जावं लागतं.

२०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीतच अविनाशच्या वाटेत दुसरे धावपटू पडले. त्याची लय तुटली. तिथे थांबला असता तर कोणी नावं ठेवली नसती. तो पळत राहिला आणि त्या गोंधळातही त्याने नवा राष्ट्रीय विक्रम केला. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तिथे तो तेरावा आला, पण ८ मिनिटं २१.३७ सेकंदांची वेळ देऊन त्याने आपलाच विक्रम पुन्हा मोडला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. दाद मागता आली ती तो शेवटच्या रेषेपर्यंत पोचला म्हणून! २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूने त्याला अवघ्या ०.०५ सेकंदाने मागे टाकलं. ते रौप्यपदक घेऊन तो पुन्हा सरावाला लागला आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकला.

कोणी म्हणेल, पदक सगळ्यांना कुठे मिळतं? खरं आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी मॅरेथॉनमध्ये पडला, गुडघा जबर दुखावला. पट्टी बांधून, लंगडत तो विजेत्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने स्टेडियममध्ये आला. शेवटचा क्रमांक. तरी जग आजही त्याचं नाव आदराने घेतं. देवाच्या राज्यातही आपल्याकडे मागितला जातो तो विश्वासूपणा.

आता आपल्याच घराकडे पाहा. पंडिता रमाबाईंनी साध्याभोळ्या बायकांना कळेल अशा मराठीत अवघं पवित्र शास्त्र आणायचं मनावर घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार मुलींचा सांभाळ करत त्यांनी हे काम वर्षानुवर्षं चालवलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. मुद्रितं तपासून हातावेगळी केली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून ते शास्त्र छापून झालं आणि १९२४ मध्ये बाहेर आलं.

कवी रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य अपुरं होतं. ज्यांनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहून ते पुरं केलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा शेवटचा भाग राहिला, तो मुलाने, देवदत्तांनी पूर्ण केला. रिले शर्यतीत एकाने दुसऱ्याच्या हाती काठी द्यावी, तसं हे घराणं धावलं. आपल्या जिल्ह्यातही रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. त्या साऱ्यांची काठी आज आपल्या हातात आहे. ती मातीत पडू द्यायची का?

आणि जो आधीच मैदान सोडून घरी बसला आहे, त्याला मी मार्काची आठवण देतो. पौलाच्या पहिल्याच प्रवासात हा तरुण पिर्गाहून माघारी फिरला. पुढे पौल त्याला सोबत घ्यायलाही तयार नव्हता. पौलाचा सोबती बर्णबा याने मात्र त्याचा हात धरला. त्याच मार्काला पौलाने अखेरच्या पत्रात आवर्जून बोलावून घेतलं, तो सेवेसाठी उपयोगी आहे म्हणून. मंडळीची परंपरा त्याच्याच नावाने शुभवर्तमान वाचते. तेव्हा माघारी फिरलेल्या भावाला टोमणे मारू नका, त्याचे बर्णबा व्हा. आणि तू, माघारी फिरलेल्या भावा, आता तरी ऊठ!

हे सारं केवळ मांड्यांच्या जोरावर होणार नाही. आपल्यापुढे येशू धावला. क्रूस समोर दिसत असताना तो वाटेतून फिरला नाही, पित्याने सोपवलेलं काम त्याने तडीस नेलं. आपल्यात काम आरंभणारा तोच आहे आणि ते सिद्धीला नेणाराही तोच. या भरवशाने पाय उचला.

आज संध्याकाळी वही घ्या. अर्धवट राहिलेली कामं लिहा: सुटलेली परीक्षा, थकलेला हप्ता, बंद पडलेली संडे स्कूल, मोडलेली शपथ, बोलणं तुटलेल्या भावाशी करायचा समेट. त्यातलं एकच निवडा. बुरुज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करायला प्रभूने सांगितलं आहे, म्हणून किती वेळ, किती पैसा, कोणाची मदत लागेल तेही लिहा. मंडळीतला एक सोबती धरा, दर रविवारी त्याला काम कुठवर आलं ते सांगा. आणि ते काम संपेपर्यंत नव्या कामाला हात घालू नका.

आष्टीकरांनो, सुरुवातीच्या टाळ्या आपण पुष्कळ घेतल्या. आता शेवट करून दाखवू. पडलात तर उठा, दमलात तर चाला, मागे राहिलात तरी मैदान सोडू नका. जिथे थांबला होतात तिथूनच निघा आणि शेवटची रेषा ओलांडूनच श्वास घ्या!