कायदा संसदेचा, अर्थ कोणाचा?

अमेरिकेत हेरिंग मासे पकडणाऱ्या काही कोळ्यांनी सरकारला न्यायालयात खेचले, तेव्हा वाद दिसायला किरकोळ होता. बोटीवर बसणाऱ्या निरीक्षकाचा पगार कोणी द्यायचा? सरकारच्याच अंदाजानुसार दिवसाला ७१० डॉलरपर्यंत जाणारा हा खर्च कोळ्यांनी सोसावा, असा नियम तेथील संघीय मत्स्यखात्याने केला होता. १९७६चा मूळ कायदा हेरिंगबाबत मूग गिळून बसलेला. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. पण तसे करताना ४० वर्षे चालत आलेला 'शेवरॉन' सिद्धान्तच मोडीत काढला. कायदा संदिग्ध असेल तर संबंधित खात्याने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा, असे तो सिद्धान्त सांगत असे.

गंमत अशी की, १९८४चा तो निकाल उद्योगांवरील बंधने सैल करू पाहणाऱ्या रेगन सरकारच्याच पथ्यावर पडला होता. तो वादग्रस्त नियम करणाऱ्या पर्यावरण खात्याच्या प्रमुख होत्या अॅन गोर्सच; आणि सिद्धान्ताला मूठमाती देणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव नील गोर्सच! आपल्या हाती असताना गोड वाटणारे अधिकार विरोधकांकडे गेले की जाचक ठरतात.

यानंतर ३१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला : नवा एक नियम करायचा तर जुने दहा हुडकून काढा. एप्रिलमध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. जे नियम उघडपणे बेकायदा ठरतात, ते शक्य तेथे जनतेच्या हरकती न मागविताच रद्द करावेत, असे खात्यांना फर्माविण्यात आले. वास्तविक, नियम करण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकण्याची रीत १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने घालून दिली आहे. नोकरशाहीचा अतिरेक रोखणे योग्यच. पण त्यासाठी लोकांचे ऐकण्याची वाटच बंद करणे, हा कुठला न्याय?

हा प्रश्न मराठी घरांपासूनही दूर नाही. एच-वन-बी व्हिसाधारकांच्या काही जोडीदारांना तेथे नोकरीची मुभा मिळाली, ती २०१५च्या एका नियमामुळे. संसदेच्या स्वतंत्र कायद्यामुळे नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम उचलून धरला व ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्याचे नाकारले. न्यायालयातील लढाई टळली, तरी खात्याने केलेला नियम खाते मागेही घेऊ शकते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकीर्दीत तशी तयारी चालली होती. ती तडीस गेली नाही. पुन्हा तशी वेळ आलीच, तर आधी हरकती मागविल्या जातील की थेट आदेश निघेल, याची काळजी पुण्या-ठाण्यातल्या आईवडिलांनाही असणारच.