चोळायची ट्यूबही औषधच आहे

कापूस वेचणी सुरू झाली की जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही मेडिकलवर हे ऐकू येतं, "भाऊ, गुडघा भलता दुखस, ती ट्यूब दे." ट्यूब येते, पैसे जातात, विषय संपला. बीपी आहे का, किडनीचा त्रास आहे का, दुसरी कुठली गोळी चालू आहे का, कोणी काही विचारत नाही. मला हे खटकतं.

ट्यूब वाईट नाही. उलट उतारवयातल्या गुडघेदुखीला मी तर म्हणेन, गोळीच्या आधी डायक्लोफेनॅकचं जेलच लावून बघा. जेलमधलं औषध रक्तात गोळीच्या मानाने साधारण 6 टक्केच उतरतं, म्हणून पोटाला आणि किडनीला त्रास कमी. बोराएवढं, फार तर अक्रोडाएवढं घ्यायचं, दिवसातून तीन-चार वेळा, जखम नसलेल्या कातडीवर. मग हात धुवायचे.

पण आपल्याकडे होतं काय, तर सकाळी जेल, दुपारी फरक पडला नाही म्हणून डायक्लोफेनॅक नाहीतर आयब्युप्रोफेनची गोळी, आणि रात्री त्याच गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. म्हणजे एकाच जातीचं औषध दोन वाटांनी, वरून शेक. शेकल्याने औषध कातडीतून जास्त आत जातं, कातडी भाजू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 मध्ये मेंथॉल, मिथिल सॅलिसिलेट असलेल्या चोळायच्या औषधांनी भाजल्याच्या 43 घटनांवरून इशारा दिला होता. काहींना तर एकदाच लावून त्रास झाला. आणि आपल्याकडचं ऊन! मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, केळीच्या बागेत घड वाहणारा माणूस घामाने निथळलेला, पाणी कमी प्यालेला. त्याने पोटात दुखण्याच्या गोळ्यांवर गोळ्या टाकल्या तर किडनीवर ताण येणारच. (याच डायक्लोफेनॅकने गिधाडांच्या किडन्या निकामी झाल्या, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं. माणसाचं तसं होत नाही, पण औषध साधं नाही एवढं कळतं.)

"आमची तर आयुर्वेदिक आहे," असं म्हणणारे बरेच. ट्यूब उलटी करून बघा, बहुतेक वेळा गंधपुरा तेल लिहिलेलं असतं. त्यातही तेच मिथिल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचं भावंड. शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात साधारण 7 ग्रॅम, म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसपेक्षा जास्त गोळ्या. रांगतं लेकरू घरात असेल तर बाटली माळ्यावर ठेवा. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नका. गरोदर ताईंनीही, शेवटच्या तीन महिन्यांत तर नकोच.

डायक्लोफेनॅकची गोळी शेड्यूल एचमध्ये येते, चिठ्ठी लागते. वरून लावायच्या औषधाला ती अट नाही. नसू दे, वेचणीवाल्या बाईने ट्यूबसाठी दिवसाची मजुरी बुडवून डॉक्टरकडे जावं असं मी म्हणणार नाही. पण मग काउंटरवर फार्मासिस्टने दोन प्रश्न तरी विचारायला हवेत. आणि कंपन्यांनी सूचना मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापाव्यात. मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहून कुणाचं भलं होतंय?

छातीत, डाव्या हातात कळ आली तर चोळत बसू नका, थेट दवाखाना गाठा. सांधा लाल, गरम, वर ताप असेल तरी तेच.

आणखी एक, यावल, चोपडा, शिरपूर, साक्रीकडच्या मंडळींसाठी. सातपुड्याच्या आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. पोराचे हातपाय, सांधे वारंवार ठणकत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर त्याला ट्यूब चोळून शाळेत पाठवू नका. 2023 पासून यासाठी राष्ट्रीय मोहीम चालू आहे. गावातल्या आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.