सल्ला फुकटचा, जीव आपला

"फ्यूज सारखा उडतो? जाड तार टाक." "अर्थिंग कशाला, न्यूट्रललाच जोड." "डुकरं धान खातात? रात्री कुंपणात सरळ लाईन सोड." कोंढा-कोसरा असो की पवनी तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव, पानठेल्यावर आणि मोबाइलवर असे सल्ले फुकट मिळतात. देणाऱ्याकडे ना आयटीआयचे प्रमाणपत्र, ना वायरमनचा परवाना.

हे सल्ले तपासून पाहा. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली कमजोर कडी आहे. ती वितळते म्हणून घरातली वायर वाचते. तिथे जाड तार टाकली की वितळायची पाळी भिंतीतल्या वायरवर येते आणि आग लागते. कूलरचे लोखंडी अंग न्यूट्रलला जोडले, तर न्यूट्रल तुटताच त्या अंगात करंट उतरतो. झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन थांबते, जनावर मागे हटते. घरातली २३० व्होल्टची लाईन थांबत नाही. हात आखडतो, तार सुटत नाही.

अशा कुंपणाला चिकटतो कोण? पहाटे पाणी द्यायला निघालेला सालगडी, शेजारच्या बांधावरचा शेतकरी. २०१७ मध्ये नागभीडजवळ 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास शेतातल्या करंटने मेला, त्याची बातमी देशभर झाली. मजूर मेला तर आतल्या पानावर चार ओळी येतात. मनुष्यवधाचा गुन्हा कुंपण घालणाऱ्यावर लागतो. सल्ला देणारा मात्र पंचनाम्याच्या गर्दीत उभा असतो.

आपले काही मित्र म्हणतात, प्रमाणपत्र मागणे ही ब्राह्मणी वृत्ती आहे. ज्ञान सर्वांचे आहे. मित्रांनो, इथे गल्लत होते. चातुर्वर्ण्याने अधिकार जन्मावर दिला, परीक्षा कुणाचीच घेतली नाही. वायरमनचा परवाना जन्म विचारत नाही, काम येते का ते विचारतो. कसोटीशिवाय आणि जबाबदारीशिवाय अधिकार गाजवणे हीच तर जुनी पुरोहितशाही. ती पानठेल्यावर बसली म्हणून बहुजनवादी होत नाही.

दोष एकट्या सल्लागाराचा नाही. वायरमन वेळेवर येत नाही, रोवणी थांबते, मग गावातलाच एखादा पोरगा डीपीवर चढतो. तो कोणत्या मोहल्ल्यातला असतो, हे मी सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने १० नवजात बाळे गेली, तेव्हा आपण विचारले, जबाबदार कोण? तोच प्रश्न डीपीखाली का विचारत नाही? फुकटच्या सल्ल्यावर गाव भागते, तोवर शासनाला वायरमन देण्याची घाई नसते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते त्यांच्याच काळात. स्वस्त आणि मुबलक वीज त्यांना हवी होती, आणि ती हाताळायला तंत्र जाणणारी माणसे. त्यांच्या नावाने जयंती करणाऱ्यांनी हे विसरू नये. १३ एप्रिल २०२३ च्या रात्री विरारमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत गाडीवरची लोखंडी सळई रोहित्राला लागली आणि दोन भीमसैनिक गेले. अशा मरणाला हौतात्म्य म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून तीन कामे. एक, जयंतीच्या मांडवाची वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करा, आरसीसीबी बसवा आणि मिरवणुकीचा मार्ग आधी चालून तारांची उंची पाहा. दोन, दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर बाकी काम परवानाधारकानेच करावे, हा कायदा आहे. तो विहाराच्या बैठकीत वाचून दाखवा. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकाची चौकशी आणि तिचा अहवाल मागा. तीन, आपली पोरे-पोरी आयटीआयच्या वीजतंत्री आणि तारतंत्री अभ्यासक्रमाला घाला, परवाना काढेपर्यंत त्यांच्या मागे उभे राहा.

गावात आपलाच परवानाधारक असेल, तर पानठेल्यावरच्या पंडिताला कोण विचारील?

जय भीम!