झटक्याचा व्हिडिओ पाठवताना

फिटचा झटका डॉक्टरांसमोर क्वचितच येतो. तो घरात, शाळेत किंवा होडीवर येतो आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबलेला असतो. मालवणच्या रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञांसाठी अनेकदा शंभराहून अधिक किलोमीटरवरील बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज गाठावे लागते. झटका प्रत्यक्ष पाहिलेली आजी किंवा शेजारीण सोबत असतेच असे नाही. अशा वेळी घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हाच साक्षीदार ठरतो.

ही साक्ष मोलाची आहे. ‘जामा न्यूरॉलॉजी’त २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४४ रुग्णांचे मोबाइल व्हिडिओ तज्ज्ञांना दाखवले गेले. झटका अपस्माराचा आहे, हे त्यांचे निदान सुमारे ८९ टक्के वेळा अचूक ठरले. विशेष म्हणजे ४४ पैकी फक्त ११ जणांना अपस्मार होता. निदान चुकले तर अशा रुग्णांना नको असलेल्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात.

मात्र ही साक्ष वाटेतच बिघडते. आयफोनवर काढलेला एक मिनिटाचा १०८० रेषांचा व्हिडिओ प्रकारानुसार ६० ते १३० एमबी जागा घेतो. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास तो दाबून लहान केला जातो. व्हिडिओ दाबणारे तंत्र डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळते. लग्नाच्या व्हिडिओत त्याने बिघडत नाही. पण डोळ्यांची फडफड, ओठांचा निळेपणा, बाळाच्या बरगड्यांखालची ओढ हे बारकावेच डॉक्टरांना हवे असतात.

उलट मूळ फाइल पाठवली तर ती कधी कधी उघडतच नाही. २०१७ पासून आयफोन ‘एचईव्हीसी’ या नव्या पद्धतीने चित्रीकरण करू शकतात. जुन्या संगणकांवर त्यासाठीची सोय अनेकदा नसते. म्हणून घरच्या संगणकावर व्हिडिओचे रूपांतर करणे हा चांगला मार्ग आहे. ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर इंटरनेटशिवायही हे काम करते. ‘एमपी४’ फाइल आणि ‘एच.२६४’ पद्धत निवडावी. ती जवळपास सगळीकडे चालते.

आकार कमी करायचा तर चित्र १०८० वरून ७२० रेषांवर आणावे, पण सेकंदाला किती चित्रे, हा आकडा बदलू नये. स्नायूचा एखादा झटका सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. सेकंदाला ३० चित्रे असतील तर तो तीन चित्रांत दिसतो. दहाच ठेवली तर जेमतेम एका चित्रात सापडतो. आवाज काढू नये. सुरुवात आणि शेवट कापू नये. झटक्यानंतर रुग्ण किती वेळात शुद्धीवर आला, यालाही निदानात महत्त्व असते. मूळ फाइल मात्र जपून ठेवावी. व्हॉट्सअॅपवरच पाठवायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. मग फाइल दाबली जात नाही.

रूपांतर करून देणाऱ्या मोफत संकेतस्थळांवर रुग्णाचा व्हिडिओ चढवू नये. शुद्ध हरपलेल्या माणसाचे चित्र अनोळखी सर्व्हरवर जाते आणि पुढे त्याचे काय होते, हे कुटुंबाला कळत नाही. तरुण मुलीच्या बाबतीत याची झळ लग्नापर्यंत पोहोचते.

चित्रीकरणाआधी अर्थातच रुग्ण. त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, चप्पल-कांदा हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून लांबला तर १०८ ला फोन करावा. एकाने सांभाळावे, दुसऱ्याने चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असे चित्रीकरण करावे.

सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओद्वारे सल्ल्याला मान्यता दिली आणि नोंदी जपण्याची जबाबदारी डॉक्टरांवर टाकली. त्या जबाबदारीला साधनांची जोड हवी. ग्रामीण रुग्णालयात सर्व प्रकारचे व्हिडिओ उघडणारा एक संगणक, फाइल सुरक्षितपणे स्वीकारण्याची ठरलेली पद्धत आणि भिंतीवर मराठीतील एक पानी सूचना, एवढे केले तरी बांबोळीच्या काही फेऱ्या वाचतील. ज्यांना जावेच लागेल, त्यांच्यासोबत निदान धड पुरावा तरी जाईल.